कॉन्सोलाताबाईंचा होकार

रुसेंगेच्या टेकडीवरच्या प्राथमिक शाळेत कॉन्सोलाताबाई सव्वीस वर्षं पाचवीला गणित शिकवत होत्या, आणि तेही फ्रेंचमधून. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता मोठी झाली होती. कुणी दवाखान्यात नर्स होती, कुणी चहाच्या कारखान्यात मुकादम, एक तर पाद्रीसुद्धा झाला होता. भागाकार म्हटलं की अर्ध्या टेकडीला बाईंचा आवाज आठवायचा. मग सरकारचा हुकूम आला. नव्या वर्षापासून रवांडातल्या सगळ्या शाळांमध्ये शिकवायचं ते इंग्रजीतून. बाईंना तेव्हा नुकतंच एकोणपन्नासावं लागलं होतं.

सुट्टीत चार आठवड्यांचं प्रशिक्षण झालं. पुढे दर शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात वर्ग भरू लागला. चाळीस शिक्षक लहान मुलांसारखे बाकांवर बसायचे आणि एका सुरात वाक्यं म्हणायचे. जानेवारीत शाळा उघडली, तेव्हा बाई रोज सकाळी चढ चढताना त्या दिवसाच्या धड्याचं एक पान पाठ करत वर्गात शिरत आणि तेवढंच घडाघडा बोलत. मुलांनी काही विचारलं की त्या म्हणायच्या, "उद्या!"

महिनाअखेरीला शिक्षकांची बैठक झाली. तालुक्याचे शिक्षण अधिकारी काबेरासाहेब मोटरसायकलवरून आले. ते युगांडात वाढलेले, त्यामुळे इंग्रजी त्यांच्या तोंडातून पाण्यासारखं वाहायचं. बैठकही त्यांनी इंग्रजीतच घेतली. एकेकाला उभं करायचं, काहीतरी बोलायचं, विचारायचं आणि लिहून घ्यायचं. बाईंची पाळी आली. साहेबांच्या लांबलचक वाक्यातले तीन तुकडे त्यांच्या हाती लागले: "हॅव टू", "पाचवी" आणि "ॲक्सेप्ट". प्रशिक्षणात घोकलेलं त्यांना पक्कं आठवत होतं. कुणी तुम्हाला अमुक करावं लागेल म्हटलं, की उत्तर काय द्यायचं? शिवाय रुसेंगेत वडीलधारं किंवा वरचं माणूस बोलत असलं की 'येगो' म्हणायची, म्हणजे 'हो' म्हणायची रीतच आहे. त्या हो-चा अर्थ एवढाच, की ऐकतेय, बोला पुढे.

बाई ताठ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "येस सर, आय ॲक्सेप्ट!"

आख्खं वाक्य न अडखळता बाहेर पडलं, म्हणून त्यांना मनातून आनंदच झाला. साहेबांनी मान डोलावून लिहून घेतलं. मुख्याध्यापक सेबाहिरे शेजारीच बसले होते. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि मग आपल्या बुटांकडे.

बैठक सुटल्यावर दुसरीची शिक्षिका डोनाटिल व्हरांड्यात धावत आली. वयानं लहान, पण इंग्रजीत सगळ्यांच्या पुढे.

"ताई, तुमचं अभिनंदन करू का तुमच्या गळ्यात पडून रडू, तेवढं सांगा."

"का गं? काय झालं?"

"पाचवी सोडलीत की तुम्ही!"

"मी कशाला सोडू?"

"साहेब म्हणाले, तुम्हाला पाचवी सोडून कोठार सांभाळावं लागेल. वह्या, खडू, मुलांच्या जेवणाची चवळी-मक्याची पोती. मान्य आहे का? आणि तुम्ही म्हणालात, मान्य. एवढ्या जोरात म्हणालात ताई, की मला वाटलं तुम्हीच मागून घेतलंय."

बाई भिंतीला टेकल्या. मग त्या तशाच वळल्या आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. सेबाहिरे आणि त्या अध्यापक विद्यालयात एका वर्गात होते. एकेकाळी बाईंनी त्यांना भूमिती समजावून सांगितली होती.

"सेबाहिरे, मला समजलं नाही हे तुम्हाला दिसत होतं."

"कॉन्सोलाता, तुम्ही स्वतःच्या तोंडानं हो म्हणालात. चौदा माणसांनी ऐकलं."

"मी विचारतेय ते वेगळं आहे. तुम्हाला दिसत होतं का नाही?"

सेबाहिरेंनी टेबलावरचा शिक्का उचलून पुन्हा ठेवला. "हे बघा, राग मानू नका. पाचवीचे निकाल खाली आले तर शाळेचं नाव जाईल. तुमचं वय झालं, माझंही झालं. कोठारात काय वाईट आहे? सावलीत बसायचं, किल्ल्या सांभाळायच्या. घशाला विश्रांती."

"माझ्या घशानं तुमच्याकडे तक्रार केली होती का?"

"आता ते इतिवृत्तात गेलं. सोमवारपासून किल्ल्या घ्या."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा त्यांचे यजमान अलोयस अंगणात शिवणयंत्रावर गणवेशाच्या कॉलरी लावत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पाय थांबवला.

"म्हणजे ओडेटच्या आई, तीस वर्षं मी काही विचारलं की तू आधी नाही म्हणतेस. आणि त्या मोटरसायकलवाल्याला पहिल्या दमात हो!"

"अहो, चेष्टा पुरे."

"बरं, पुरे. आता काय करणार?"

"तो होकार परत घेणार."

"कुठल्या भाषेत?"

बाईंनी मक्याचं पीठ चाळायला घेतलं. "ज्या भाषेत दिला त्याच," त्या म्हणाल्या. यंत्राचं चाक फिरवायचं सोडून अलोयस बायकोकडे बघत राहिले.

सोमवारी बाईंनी किल्ल्या घेतल्या. चवळीची पोती मोजली, खडूंची खोकी लावली. मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी मुख्याध्यापकांकडे बैठकीचं इतिवृत्त वाचायला मागितलं. सेबाहिरे म्हणाले, "कागद बाहेर नेता येणार नाही." बाई म्हणाल्या, "नेत नाही." मग खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून त्यांनी ते इतिवृत्त वहीत उतरवायला सुरुवात केली. त्यातले निम्मे शब्दही कळत नव्हते, पण अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट उतरवलं. तीन मधल्या सुट्ट्या लागल्या. सेबाहिरे येता-जाता पाहत होते. "शिलालेख खोदताय का?" एकदा त्यांनी विचारलं. बाईंनी मान वर केली नाही.

शनिवारी वर्ग संपल्यावर त्या प्रशिक्षिकेजवळ थांबल्या. प्रशिक्षिका अकेलो ही उत्तर युगांडातली, तिशीतली उंच बाई. तिला इथली किन्यारवांडा भाषा येत नव्हती, फ्रेंचही नाही. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. स्वाहिली दोघींनाही मोडकीतोडकीच यायची. त्या मोडक्या स्वाहिलीवर आणि हातवाऱ्यांवर दोघींनी ते इतिवृत्त वाचून काढलं. स्वतःच्या नावापुढचं वाक्य आलं तेव्हा बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"हे मला खोडायचंय."

"खोडता नाही येणार, मामा," अकेलो स्वाहिलीत आईला म्हणतात तसं म्हणाली. "नवं लिहावं लागेल. पत्र."

"मग शिकव."

अकेलोनं फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'मस्ट' आणि 'हॅव टू'. मग तिनं भिंतीवर चिकटवलेल्या परिपत्रकाकडे बोट केलं. "मला हा फॉर्म भरावा लागतो. का? ते सांगतात म्हणून. बाहेरून येतं ते. हे हॅव टू." मग तिनं तळहात छातीवर ठेवला. "माझी आई आजारी आहे. मला तिला भेटायला गेलंच पाहिजे. कुणी सांगितलं? कुणी नाही. हे मस्ट. दर वेळी एवढी सरळ वाटणी होत नाही, पण तुझ्या पत्रापुरती हीच धर."

आपण मराठीत 'करावं लागतं' म्हणतो आणि 'केलं पाहिजे' म्हणतो, त्यातला फरक आपल्याला कुणी शिकवत नाही. कॉन्सोलाताबाईंच्या किन्यारवांडात मात्र दोन्हीला एकच शब्द चालून जायचा. त्यामुळे फळ्यावरच्या त्या दोन शब्दांकडे त्या टक लावून बघत राहिल्या. एका कामाच्या दोन जागा असतात, एक अंगाबाहेर आणि एक अंगात, हे त्यांना माहीत होतं. ते बोलूनही दाखवता येतं, हे नव्हतं माहीत.

"आणि मान्य?" त्यांनी विचारलं. "मान्य कसं म्हणायचं ते मला येतं. ऐकतेय पण मान्य नाही, हे कसं म्हणायचं?"

अकेलो हसली. "आय हिअर यू. बट आय डू नॉट ॲक्सेप्ट."

बाईंनी ते वाक्य अकरा वेळा म्हणून घेतलं.

मग सुरू झाला तो महिना. बाई रोज दहा वाक्यं करायच्या. झऱ्यावरून पाण्याचे डबे आणताना, घेवड्याला काठ्या लावताना, रविवारी प्रार्थनेला जाताना. मला पाणी आणावं लागतं. मला घेवडा काढलाच पाहिजे. शेजारणीनं झोपडीच्या दारातून विचारलं, "बाई, कुणाशी भांडताय?" तर बाई म्हणाल्या, "व्याकरणाशी." महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळं गाव रस्त्याचे चर खोदायला जमतं. तेव्हा कुदळ मारता मारता त्यांचं चालूच होतं. त्यांच्यामागे खोदणारे अलोयस वैतागून म्हणाले, "मलाही यायला लागलं आता. आय हॅव टू डिग, आय डू नॉट ॲक्सेप्ट!" लोक हसले. बाईही हसल्या, पण त्यांनी लगेच त्यांचा उच्चार सुधारला.

तिसऱ्या शनिवारी अकेलोबरोबर उरलेलं इतिवृत्त वाचताना सातवं कलम आलं. अकेलोनं ते दोनदा वाचलं आणि तोंडावर हात धरला. त्यात लिहिलं होतं, की सहावीचं इंग्रजी मुख्याध्यापकांना स्वतः शिकवावं लागेल, आणि मुख्याध्यापक सेबाहिरे यांनी ते मान्य केलं आहे.

सोमवारी सकाळी बाईंनी ती वही सेबाहिरेंच्या टेबलावर उघडून ठेवली आणि त्या ओळीखाली बोट फिरवत सगळं किन्यारवांडात सांगितलं. सेबाहिरेंचा चेहरा उतरला.

"हे... हे मी कधी मान्य केलं?"

"स्वतःच्या तोंडानं. चौदा माणसांनी ऐकलं."

"मला वाटलं ते वर्गांच्या रंगकामाबद्दल विचारतायत!"

सेबाहिरेंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग खाली बघतच म्हणाले, "त्या दिवशी मला दिसत होतं, कॉन्सोलाता. तुम्हाला कळलेलं नाही, ते. मी गप्प बसलो. मला वाटलं, बरंच झालं, परस्पर मिटलं."

"ते मला त्याच दिवशी समजलं होतं."

"मग आता?"

"आता माझं पत्र पुढे पाठवा. तुमचा शिक्का मारून. आणि शनिवारी दुपारी चर्चमध्ये या. पहिल्या बाकावर जागा आहे."

पत्र सहाच वाक्यांचं होतं. डोनाटिल म्हणाली होती, मी छान लिहून देते. अकेलोही म्हणाली होती. बाईंनी दोघींनाही नको म्हटलं. मराठीत सांगायचं तर ते साधारण असं होतं: 'मी बैठकीत हो म्हणाले. ते हो म्हणजे मी ऐकते आहे एवढंच होतं. आता मला प्रश्न समजला आहे. मला इंग्रजी शिकावं लागेल, हे मला मान्य आहे. मला शिकवलंच पाहिजे, म्हणून कोठार मला मान्य नाही. कृपया माझा वर्ग पाहायला या.' दोन ठिकाणी चुका होत्या. सेबाहिरेंनी त्यावर शिक्का मारला आणि शिक्क्याखाली सहीही केली.

आठ दिवसांनी काबेरासाहेब आले. पत्र त्यांच्या हातात होतं. या वेळी ते किन्यारवांडात बोलले, थोड्या युगांडाच्या हेलात.

"बाई, असं पत्र मला आजवर कुणी लिहिलं नाही. लोक एक तर हो म्हणतात, नाहीतर आजारी पडतात. चला, पाचवीवर घ्या तास. भागाकार. मी मागे बसतो."

बाई वर्गात शिरल्या तेव्हा एकोणपन्नास मुलं उभी राहिली. त्यांनी टेबलावर घेवड्याचे सतरा दाणे मांडले आणि पाच मुलांना पुढे बोलावलं. सतरा दाणे, पाच मुलं, प्रत्येकाला किती? वाक्यं छोटी होती, पण सुटी सुटी आणि स्पष्ट. मुलं मोजत होती, उत्तरं देत होती. प्रत्येकाला तीन. दोन उरले. इथवर सगळं नीट झालं. मग बाईंनी ते दोन दाणे उचलून वर धरले आणि उरलेल्याला जो 'रेस्त' हा फ्रेंच शब्द त्यांच्या जिभेवर सव्वीस वर्षं बसला होता तोच निघाला, फक्त इंग्रजी वळणानं.

"क्लास, रेस्ट!"

दुसरीत असताना डोनाटिलनं या मुलांना एक इंग्रजी सवय लावलेली होती. रेस्ट म्हटलं की बाकावर डोकं टेकून डोळे मिटायचे. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस डोकी बाकांवर टेकली. दाणे धरून उभी असलेली पाच मुलं आधी गोंधळली आणि मग तीही जमिनीवर बसून मान खाली घालून मोकळी झाली.

वर्गात चिडीचूप. मागच्या बाकावर काबेरासाहेबांनी ओठ आवळून धरले होते. खिडकीबाहेर उभ्या सेबाहिरेंनी कपाळाला हात लावला.

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दोन दाणे अजून वर धरलेल्या हातात तसेच होते. क्षणभर त्यांना कोठाराचा थंड अंधार आठवला, तिथली ती निवांत सावली. मग त्यांनी हात खाली घेतला.

"उठा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "सॉरी. शब्द चुकला. मला बरोबर शब्द माहीत नाही."

काबेरासाहेब मदतीला म्हणून तोंड उघडतात तोच बाईंनी त्यांना तळहात दाखवला. अधिकाऱ्याला तळहात! खिडकीत सेबाहिरेंचा श्वासच थांबला.

"नो, सर. आय मस्ट फाइंड."

त्यांनी पिशवीतून शब्दकोश काढला. जाड, पुठ्ठा निघालेला, अकेलोनं दिलेला. आधी फ्रेंच शब्द शोधला. त्याच्यापुढे पाच-सहा इंग्रजी शब्द होते. एकेक वाचत, प्रत्येकाचा अर्थ पुन्हा मागच्या भागात तपासत त्या उभ्या राहिल्या. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मुलांना कळेना काय चाललंय, पण बाईंचं बोट पानावरून सरकताना ती बघत राहिली. एवढी मोठी बाई, आणि आपल्यासारखी शोधतेय! शेवटी बोट थांबलं.

"रिमेंडर," बाई म्हणाल्या. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग तेवीस दाणे आणि चार मुलं, एकतीस दाणे आणि सहा मुलं. तास संपायला आला तेव्हा मागच्या रांगेतली मुलगी, जी जानेवारीपासून वर्गात एक शब्द बोलली नव्हती, ती उठून म्हणाली, "रिमेंडर वन, टीचर!" आणि उत्तर बरोबर होतं.

काबेरासाहेबांनी बाईंना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं.

"मुलांना समजलं," ते म्हणाले. "पण पाचवी नाही देता येणार मला आत्ता. पुढच्या वर्षी त्यांची सहावीची परीक्षा आहे, आणि तुमचं इंग्रजी अजून तेवढं नाही. चौथी घ्या. नोव्हेंबरमध्ये शिक्षकांची परीक्षा द्या. कोठार दुसरं कुणीतरी बघेल. मान्य?"

सेबाहिरे मध्येच म्हणाले, "हो म्हणा, कॉन्सोलाता. चांगलं आहे हे."

बाईंनी खिडकीतून पाचवीच्या वर्गाकडे पाहिलं. आपली पाचवी, एकोणपन्नास चेहरे, ती मागच्या रांगेतली मुलगी. पण साहेब सांगतायत ते खोटं नव्हतं, हेही त्यांना कळत होतं. फळ्यासमोर सव्वीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला कुठला तास अजून आपल्याला पेलणार नाही, हे दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

"आधी लिहा," त्या म्हणाल्या. "आणि मला वाचू द्या."

साहेबांनी लिहिलं. बाईंनी सावकाश वाचलं. एका शब्दाचा अर्थ विचारला. मग म्हणाल्या, "यात एक वाक्य कमी आहे. परीक्षा पास झाले तर पाचवी परत."

काबेरासाहेबांनी सेबाहिरेंकडे पाहिलं. सेबाहिरे म्हणाले, "मला मान्य आहे." आणि घाईघाईनं पुढे म्हणाले, "म्हणजे या वेळी समजून."

वाक्य लिहिलं गेलं. बाईंनी सही केली.

नोव्हेंबरच्या परीक्षेत त्या चार गुणांनी नापास झाल्या. निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा वही काढली. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत पास झाल्या. पहिल्या बाकावरचे सेबाहिरे दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा कसेबसे सुटले; तोवर सहावीच्या मुलांनी त्यांना उच्चार शिकवले होते. अकेलो करार संपवून घरी गेली. जाताना बाईंनी तिला तिच्या आईसाठी अलोयसनी शिवलेला एक झगा दिला.

पास झाल्या त्यानंतरच्या जानेवारीत बाई पाचवीच्या वर्गात शिरल्या. समोर वर्षभर चौथीत त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलं बसली होती, वर सरकून आलेली, गणवेश थोडे आखूड झालेले. बाईंनी खडू घेतला, फळा पुसला आणि दशांश अपूर्णांक शिकवायला सुरुवात केली.